हजेरीपटातील झाडे आणि गावाबाहेरील खांब

(इयत्ता पाचवी ते सातवी : परिसर अभ्यास व कलाशिक्षण)

प्रार्थना आटोपते, मुले रांगेने वर्गात येऊन बसतात आणि शिक्षक हजेरीपट उघडतात. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूस, जंगलाच्या कडेने ज्या शाळा आहेत त्यांच्या हजेरीपटात टेकाम, मरकाम, इरपाची, उईके अशी आडनावे आढळतात. वर्षभरात दोनशेहून अधिक वेळा ही नावे वर्गात मोठ्याने उच्चारली जातात. परंतु या नावांत झाडे उभी आहेत हे किती वर्गांत सांगितले जाते? गोंडी भाषेत 'टेका' म्हणजे साग आणि 'मरका' म्हणजे आंबा. टेकाम हे सागाचे कूळ, मरकाम हे आंब्याचे कूळ. इरपाची या नावाचा संबंध मोहाशी जोडला जातो. खिडकीबाहेर साग उभा आहे, खिडकीच्या आत त्याच सागाचे नाव धारण करणारा विद्यार्थी बसला आहे, आणि दोहोंचे नाते विद्यार्थ्यास ठाऊक नाही, अशी स्थिती असेल तर परिसर अभ्यासाची सुरुवात येथूनच करणे योग्य होय.

प्रस्तुत पाठाचा विषय 'स्मृतिस्तंभ' हा आहे. माणसे एकत्र येऊन खांब उभारतात, त्यावर चिन्हे कोरतात आणि आपल्या कुळाची, पूर्वजांची आठवण सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवतात. ही रीत सातपुड्यात आहे, बस्तरात आहे आणि सातासमुद्रापलीकडे कॅनडाच्या किनाऱ्यावरही आहे. हा विषय शिकविताना शिक्षकाच्या हातून एक मोठी चूक होण्याचा संभव असतो. 'रानटी लोकांचे चमत्कारिक लाकडी देव' अशा भाषेत तो शिकविला गेला, तर वर्गातील काही मुले हसतील व काही मुले मान खाली घालतील. मान खाली घालणारे मूल त्या दिवसापासून घरचे काहीही शाळेत सांगणार नाही. पाठ उत्तम झाला, परंतु मूल दुरावले, असे होऊ नये म्हणून या पाठाची मांडणी विचारपूर्वक केली पाहिजे.

१. ज्ञाताकडून अज्ञाताकडे : देवक व मुहूर्तमेढ

अध्यापनाचा जुना नियम असा की, मुलास जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा. लग्नघरी मांडव घालण्यापूर्वी मुहूर्तमेढ रोवतात, हे खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. मांडवाला पुढे अनेक खांब लागतात. पण पहिल्या खांबाला हळदकुंकू लागते, त्याला आंब्याची पाने बांधतात, त्याच्याभोवती घरची व भावकीची माणसे जमतात. तो खांब केवळ छताला आधार देण्यासाठी नसतो. 'या घरी कार्य आहे' हे तो साऱ्या गावाला सांगतो. खांब बोलतो, ही कल्पना मुलांस येथे सहज पटते.

याच कार्यात अनेक मराठी कुळे देवक बसवितात. कोणाचे देवक कळंब, कोणाचे वड, कोणाचे मोराचे पीस, तर कोणाचे पंचपल्लव. समान देवकाच्या कुळांत विवाहसंबंध करावयाचा नाही, असा संकेत जुन्या काळापासून चालत आला आहे. गोंड समाजातही कुळांची विभागणी आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी ती पूजेतील देवांच्या संख्येवरून ओळखली जाते आणि एकाच विभागातील कुळे परस्परांस भावकी मानतात. कुळाशी जोडलेल्या झाडास किंवा प्राण्यास इजा करू नये, त्याचा मान राखावा, हाही संकेत आहे.

इंग्रजीत यास 'टोटेम' असा शब्द आहे. तो उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या प्रदेशात राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आला आहे. मराठीत त्यास 'देवक' किंवा 'कुलचिन्ह' म्हणतात. म्हणजे टोटेम ही दूरच्या कोणा अनोळखी लोकांची विचित्र चाल नव्हे. ती आपल्या मांडवात, आपल्या हजेरीपटात आहे. एवढे एक वाक्य वर्गात नीट रुजले की पाठाचा निम्मा हेतू साधला असे समजावे.

२. आठवण उभी करण्याच्या रीती : रामटेकचा परिसर

मेलेल्या माणसाची आठवण टिकावी म्हणून काहीतरी उभे करणे, ही माणसाची फार जुनी सवय आहे. नागपूर जिल्हा या दृष्टीने संपन्न आहे. नागपूरजवळील जुनापाणी, माहूरझरी आणि रामटेकच्या शेजारच्या पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आढळतात. ही शिळावर्तुळे दोन-अडीच हजार वर्षांहून अधिक जुन्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या दफनांची स्थाने होत. त्यांच्यावर अक्षर नाही, चित्र नाही; केवळ दगड ओढून आणणाऱ्या अनेक हातांची साक्ष आहे. एवढे दगड एका कुटुंबाने हलविणे शक्य नाही. सारी वस्ती त्या कामास लागली असली पाहिजे.

रामटेकच्या गडावर केवल-नरसिंहाचे मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर वाकाटक काळातील, सुमारे पाचव्या शतकातील शिलालेख आहे. तो बराच झिजलेला आहे. परंतु अभ्यासकांनी त्याचे जे वाचन केले आहे त्यानुसार राणी प्रभावतीगुप्ता हिच्या स्मरणार्थ तिच्या मुलीने एक देवालय उभारले, असे त्यात नमूद आहे. गडावर दर्शनास जाणाऱ्या मुलांना हे सांगितले पाहिजे की, येथे एका लेकीने आपल्या आईची आठवण दगडात कोरून ठेवली आहे.

महाराष्ट्रात अन्यत्र अनेक गावांच्या वेशीवर किंवा मंदिरांच्या आवारात वीरगळ उभे असतात. गावाच्या गुरांसाठी किंवा सीमेसाठी लढताना पडलेल्या वीराचा तो दगड. त्यावर आडव्या चौकटी असतात व त्या खालून वर वाचावयाच्या असतात : तळाशी लढाई व मृत्यू, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा आणि शिखराशी सूर्य व चंद्र. जोवर सूर्यचंद्र आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्या दोन आकृतींचा भाव. ज्यास अक्षर येत नाही त्यासही हा दगड वाचता येतो.

शिळावर्तुळ, शिलालेख व वीरगळ या तीन पायऱ्या फळ्यावर एकाखाली एक लिहिल्यावरच चौथ्या पायरीकडे, म्हणजे कोरीव लाकडाकडे वळावे. असे केल्याने लाकडी खांब हा एकाकी चमत्कार न वाटता एका मोठ्या परंपरेचा भाग वाटेल.

३. सातपुड्यातील कोरकूंचा 'मुंडा'

रामटेकच्या डोंगरांपासून सातपुड्याची रांग पश्चिमेकडे धरून गेले की अमरावती जिल्ह्यातील मेळघाट लागतो. धारणी व चिखलदरा या तालुक्यांत कोरकू लोकांची वस्ती आहे. त्यांची भाषा गोंडीहून निराळ्या कुळातील, मुंडारी गटातील आहे. मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा या भागांतही कोरकू राहतात.

कोरकूंमध्ये मृत्यूनंतरच्या पहिल्या विधीने कार्य संपत नाही. पुढे, कित्येकदा अनेक वर्षांनी, ऐपत झाल्यावर 'सिडोली' नावाचा दुसरा विधी करतात. या विधीनंतर मृताचा आत्मा पूर्वजांत सामावला, असे मानले जाते. या प्रसंगी लाकडाची एक कोरीव फळी किंवा खांब तयार करतात. त्यास 'मुंडा' म्हणतात. त्यासाठी बहुधा सागाचे लाकूड घेतात. गावाजवळ ठरलेल्या जागी, झाडाच्या सावलीत तो रोवतात. पिढ्यानुपिढ्यांचे असे खांब एके ठिकाणी उभे असले म्हणजे ते त्या गावाचे कुलवृत्तान्तच होत.

रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाति-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुंड्याचे वर्णन आहे. लाकूड गुळगुळीत तासून त्यावर सूर्य व चंद्र कोरतात. कोळी व माणसाचा कान यांच्याही आकृती काढतात. त्याखाली, ज्याच्या नावाने खांब उभा करावयाचा ती व्यक्ती घोड्यावर बसलेली, हाती शस्त्र घेतलेली दाखवितात. प्रत्येक पूर्वजासाठी स्वतंत्र मुंडा असावा हे उत्तम. परंतु गरीब घरी एकाच मुंड्यावर अनेकांच्या आकृती कोरून घेतात. संग्रहालयांत जपलेल्या काही फळ्यांवर हात धरून नाचणाऱ्या माणसांच्या रांगा व कडेने नक्षीच्या पट्ट्याही दिसतात.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबून वर्गास विचार करावयास लावावे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी केली, ज्याच्या दाराशी घोडा कधी बांधला गेला नाही, त्यास मुलांनी मृत्यूनंतर घोड्यावर बसविले. जिवंतपणी जो मान मिळाला नाही तो लाकडात कोरून दिला. लेकीने आईसाठी देवालय उभारणे आणि मजुराच्या मुलाने बापास सागाच्या फळीवर घोडा देणे, या दोन कृत्यांत साधनांचे अंतर फार आहे. भावनेचे अंतर मुळीच नाही.

बस्तरमधील माडिया गोंडही मृतांच्या स्मरणार्थ दगड व कोरीव लाकडी खांब उभारतात. व्हेरिअर एल्विन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथात अशा कामास आदराचे स्थान दिले आहे.

४. खांब आपल्या जागेवरून हलला म्हणजे

कोरकूंच्या कोरीव फळ्या आज देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. काही कलावस्तूंच्या बाजारातही विकल्या जातात. संग्रहालयात त्या वाळवीपासून सुरक्षित राहतात व अभ्यासकांस पाहावयास मिळतात, हा लाभ खरा. परंतु दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली फळी कोणाच्या तरी आजोबांची आहे, आणि त्या आजोबांचे नाव विकत घेणाऱ्यास ठाऊक नाही, हेही तितकेच खरे. फळी टिकली, आठवण गेली.

मेळघाटात १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला व पुढे जंगलाच्या गाभ्यातील काही गावांचे पुनर्वसन करण्यात आले. गाव हलले की घर नव्याने बांधता येते, विहीर नव्याने खणता येते. पूर्वजांची जागा नव्याने घडविणे फार कठीण असते. पेंचच्या जंगलाशेजारी काम करणाऱ्या शिक्षकांस हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकास कसा सुटला, हे आता वर्गास सांगावे. नकाशावर कॅनडाचा पश्चिम किनारा दाखवावा. तेथे हैदा, त्लिंगित, निस्गा, हैसला इत्यादी मूळ रहिवासी राहतात. त्या पावसाळी प्रदेशात सीडर नावाचे तांबूस लाकडाचे प्रचंड वृक्ष वाढतात. एकेका वृक्षाच्या खोडातून हे लोक उंच खांब कोरतात. त्यांवर कावळा, गरुड, अस्वल, देवमासा अशी कुलचिन्हे एकावर एक रचलेली असतात. हैदा समाजाचे कावळा व गरुड असे दोन विभाग आहेत. कावळ्याच्या कुळाने गरुडाच्या कुळाशीच सोयरीक करावयाची. आपल्याकडील देवकाचा संकेत मुलांस येथे लगेच आठवेल. हे खांब पूजेचे देव नव्हेत. काही घराच्या दाराशी कुळाची ओळख सांगतात, काही मृतांच्या स्मरणार्थ असतात, काही एखाद्या घटनेची नोंद करतात. खांब उभारण्याच्या दिवशी सारा समाज जमतो, भोजन होते, दाने दिली जातात आणि जमलेले लोक त्या कुळाच्या हक्काचे साक्षीदार होतात.

१८८५ पासून कॅनडाच्या सरकारने या समारंभांवर कायद्याने बंदी घातली. ती १९५१ पर्यंत टिकली. या काळात अनेक खांब उपटून दूरच्या संग्रहालयांत नेण्यात आले, आणि कोरणाऱ्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जाणे जवळजवळ थांबले. साथीच्या रोगात आपली माणसे गमावलेल्या एका हैसला प्रमुखाने १८७२ मध्ये उभारविलेला सुमारे नऊ मीटर उंचीचा स्मृतिस्तंभ १९२९ मध्ये गावातून हलविला गेला व स्वीडनच्या राजधानीतील संग्रहालयात पोहोचला. हैसला लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. त्यांच्या कारागिरांनी तसाच नवा खांब कोरून संग्रहालयास दिला आणि २००६ मध्ये मूळ खांब स्वदेशी परत आला. निस्गा लोकांचा असाच एक खांब १९२९ मध्ये नेला गेला होता. तो स्कॉटलंडमधील एडिंबरो येथून २०२३ मध्ये परत मिळाला.

दरम्यान विद्याही पुन्हा जागी झाली. रॉबर्ट डेव्हिडसन या तरुण हैदा शिल्पकाराने १९६९ मध्ये आपल्या मॅसेट गावात खांब कोरून उभा केला. सुमारे शंभर वर्षांत त्या गावात उभा राहिलेला तो पहिला खांब. उभारणीसाठी दोर ओढावयास सारे गाव आले, आणि वृद्धांनी बालपणी ऐकलेल्या चाली आठवून आठवून तरुणांस सांगितल्या.

या हकिकतीतील शिकवण अशी की, खांबाचे मोल केवळ लाकडात किंवा कोरीव कामात नाही. तो कोणी उभा केला, कोणासाठी केला आणि कोणासमोर केला, यात त्याचा अर्थ आहे. परंपरेनुसार तेथील जुना खांब झिजून पडला तर तो पडू देतात. तो मातीस मिळतो आणि गरज पडली तर नवा उभा राहतो. ज्या समाजास नवा खांब कोरता येतो त्यास जुना खांब पडल्याचे भय नसते. भय असते ते कोरणारा हात व सांगणारे तोंड नाहीसे होण्याचे.

५. पाठाची मांडणी

या पाठास पस्तीस मिनिटांच्या तीन तासिका व एक उपक्रम द्यावा.

पहिली तासिका. प्रस्तावना प्रश्नोत्तरांनी करावी. नमुना पुढीलप्रमाणे :

शिक्षक : लग्नाचा मांडव घालताना सर्वांत आधी काय करतात?
विद्यार्थी : मुहूर्तमेढ रोवतात, गुरुजी.
शिक्षक : त्या खांबाला काय बांधतात?
विद्यार्थी : आंब्याची पाने.
शिक्षक : रस्त्याने जाणाऱ्यास तो खांब पाहून काय समजते?
विद्यार्थी : या घरी लग्न आहे.
शिक्षक : खांबावर अक्षर लिहिलेले असते का?
विद्यार्थी : नाही.
शिक्षक : मग आज आपण अक्षरांवाचून बोलणाऱ्या खांबांची माहिती करून घेऊ.

शेवटचे वाक्य हेच हेतुकथन. त्यानंतर शिळावर्तुळ, शिलालेख व वीरगळ यांचे विवेचन करावे. गड जवळ असलेल्या शाळांनी मंदिराची भेट जोडून घ्यावी. नागपूरची सहल निघाल्यास १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला, अवश्य दाखवावे.

दुसरी तासिका. मुंड्याचे रेखाचित्र फळ्यावर काढावे : वर सूर्यचंद्र, मध्ये घोडेस्वार, खाली नाचणाऱ्यांची रांग, कडेने नक्षी. चित्र वाचावयास लावावे, परंतु अर्थ घाईने सांगू नये. 'कोळी कशाचे चिन्ह असेल?' असा प्रश्न आला तर 'ज्यांचा खांब आहे त्यांनाच विचारावे' असे उत्तर द्यावे. दुसऱ्याच्या चिन्हास मनाने अर्थ चिकटविणे हे अज्ञानापेक्षा वाईट होय. मुलांच्या मनात ही शिस्त एकदा बाणली की ती पुढे इतिहासातही उपयोगी पडते.

तिसरी तासिका. कॅनडातील खांबांची हकिकत सांगावी व शेवटी एक प्रश्न चर्चेस ठेवावा : 'गावातील जुना खांब वाळवीने पोखरला आहे. तो संग्रहालयास द्यावा, जागीच राहू द्यावा, की नवा कोरावा?' वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाने आपली बाजू मांडावी. शिक्षकाने निकाल देऊ नये. निर्णय ज्यांच्या पूर्वजांचा खांब आहे त्यांचा, एवढे मुलांच्याच तोंडून निघाले म्हणजे संकलन झाले.

वडीलधाऱ्यांची भेट. गावातील एखाद्या वृद्ध गोंड गृहस्थास किंवा आजीस शाळेत येण्याची विनंती करावी. विनंती करण्यास शिक्षकाने स्वतः घरी जावे. मुलाच्या हाती चिठ्ठी देऊ नये. वर्गात त्यांस खुर्ची द्यावी व शिक्षकाने मुलांसोबत बसावे. मुलांनी विचारावयाचे प्रश्न आधी ठरवून घ्यावे : 'आबाजी, आपल्या कुळाचे झाड कोणते? त्याचा मान कसा राखतात? गोंडीत सागाला, मोहाला, आंब्याला काय म्हणतात?' कुळांची नावे व त्यांचे अर्थ गावागणिक थोडे वेगळे सांगितले जातात. या लेखातील अर्थांहून त्यांनी वेगळा अर्थ सांगितला तर तोच त्या गावापुरता ग्राह्य धरावा. एखादी गोष्ट सांगावयाची नाही असे ते म्हणाले, तर आग्रह करू नये. काही गोष्टी फळ्यावर लिहिण्यासाठी नसतात, हाही पाठच आहे. गोंडी शब्द देवनागरीत लिहून त्यांचा तक्ता वर्गात लावावा.

६. उपयोजन : शाळेचा स्तंभ

या पाठानंतर पुठ्ठ्याचे खांब करवून त्यांवर मुखवटे रंगविण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुंडा हे मृताचे स्मारक आहे. त्याची खेळण्यासारखी नक्कल करणे म्हणजे कोणाच्या तरी घरचा विधी खेळात काढणे. त्याऐवजी मुलांनी आपल्या शाळेचा स्वतंत्र स्तंभ करावा.

जिवंत झाड तोडू नये. कोणाच्या जुन्या घराचा मोडका खांब, पडझडीत निघालेले लाकूड दात्याच्या संमतीने घ्यावे. जंगलातील लाकूड वनविभागाच्या परवानगीवाचून आणू नये. लाकूड मुळीच न मिळाल्यास विटा व माती यांचा स्तंभ करून त्यावर उठावाचे काम करावे. त्यास काहीही खर्च येत नाही.

प्रत्येक मुलाने शाळेच्या परिसरातील एक झाड, पक्षी, प्राणी किंवा उद्योगाचे साधन निवडावे व त्याविषयी पाच वाक्ये लिहावीत. 'मी याची काळजी घेईन' असे ज्याविषयी म्हणता येईल तेच निवडावे. निवडलेल्या आकृती कोळशाने लाकडावर काढाव्यात. वाकस व पटाशी चालविण्याचे काम गावच्या सुताराने करावे. मोठ्या मुलांनी त्यांच्या देखरेखीखाली घासणे-पुसणे करावे, लहानांनी गेरू, चुना व काजळी यांनी रंग भरावा. जमिनीत जाणाऱ्या भागास डांबर लावावे, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. उभारणीच्या दिवशी पालकांस बोलवावे. दोर सर्वांनी ओढावा. ज्याच्या घरचे लाकूड, ज्यांचे हात, ज्यांची चित्रे, त्या सर्वांची नावे वहीत नोंदवून ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी.

७. दक्षता

(१) वर्गात कोणत्याही मुलास जात, कूळ किंवा देवक विचारू नये. जे मूल आपणहून सांगेल त्याचे आदराने ऐकावे. १९५६ च्या धर्मांतरानंतर जुन्या चालीरीती ज्यांनी सोडल्या अशी अनेक घरे नागपूर जिल्ह्यात आहेत. त्या घरच्या मुलांवर देवकाची कल्पना लादू नये. शाळेच्या स्तंभात आकृती निवडण्याची मोकळीक सर्वांस आहे, ती याचसाठी.

(२) 'ते लोक' व 'आपण लोक' असे शब्दप्रयोग शिक्षकाच्या तोंडी येऊ नयेत. 'ते' म्हटलेले मूल समोरच्याच पट्टीवर बसलेले असते.

(३) गावाबाहेरील स्मृतिस्थळी वर्ग न्यावयाचा असल्यास संबंधित कुटुंबांची संमती घ्यावी. हात लावणे, छायाचित्र काढणे, तेथील वस्तू उचलणे टाळावे.

(४) गोंड व कोरकू हे दोन भिन्न समाज आहेत. त्यांची भाषा व रीती एक समजू नयेत.

८. मूल्यमापन

या पाठाची लेखी परीक्षा घेण्याचे कारण नाही. मुलांनी तीन गोष्टी कराव्यात : आपल्या घरी किंवा गावात आठवणीसाठी उभे केलेले काहीही, मग तो दगड असो, तुळशीवृंदावन असो वा पाणपोई असो, शोधून त्याचे चित्र काढावे, त्याची हकिकत वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहावी, आणि ती वर्गात वाचून दाखवावी. ज्याने हकिकत कोणास विचारली त्याचे नाव लिहिले, त्याचा पाठ पक्का झाला असे समजावे.

शाळेच्या दाराशी उभा केलेला स्तंभ ऊन-पावसाने काही वर्षांत झिजेल. गेरू पुसट होईल, एखादा पक्षी ओळखू येईनासा होईल. त्या वेळी मुख्याध्यापकाने तो तारेच्या कुंपणात कोंडून ठेवण्याची खटपट करू नये. वही उघडावी, जुनी नावे नव्या मुलांस वाचून दाखवावीत आणि नवे लाकूड मागण्यासाठी गावात जावे. पहिल्या स्तंभाच्या वेळी गेरू कालविणारी एखादी मुलगी तोवर कोणाची तरी आई झालेली असेल व दोर ओढावयास येईल. आणि हजेरीपटात टेकाम हे नाव पुकारले की तो विद्यार्थी 'हजर' म्हणताना खिडकीबाहेरच्या सागाकडे एकवार पाहील.